नळीचा दोष की गोळीचा?

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी दीडशे डॉलर मोजून एक नळी विकत घेतली. चौदा इंच लांब, ॲल्युमिनियमची, आतून आरशासारखी घासलेली. तिच्या आत बसवायला किंचित वेगवेगळ्या व्यासांची पाच अस्तरंही सोबत आली. पेंटबॉलच्या मार्करबरोबर एक नळी मुळातच मिळते. ती काढून ठेवायची आणि त्या जागी ही लावायची, एवढ्यासाठी दीडशे डॉलर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन गट, जंगल किंवा मैदान, आणि प्रत्येकाच्या हातात वायूच्या दाबावर चालणारं, बंदुकीसारखं दिसणारं यंत्र. त्यातून जिलेटिनच्या कवचात रंग भरलेल्या गोळ्या उडतात. गोळी अंगावर फुटली की तुम्ही बाद. यंत्राला बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

मी न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण टोकाला, नॅशुआत, सॉफ्टवेअरचं काम करते. ऑफिसातल्या आणि ओळखीतल्या दहाबारा जणांचा आमचा गट महिन्यातले दोन रविवार खेळतो. नवी नळी लावल्यावर पहिल्याच रविवारी माझा नेम सुधारला. म्हणजे तसं मला वाटलं. मी ते सगळ्यांना सांगितलं, वर थोडं भौतिकशास्त्रही सांगितलं. इंजिनिअरिंगची पदवी असलेलं माणूस व्यास आणि दाब असे शब्द वापरून बोलायला लागलं की लोक ऐकतात. महिन्याभरात गटातल्या चौघांनी तीच नळी मागवली. त्यातला एकजण नुकताच एमएस संपवून नोकरीला लागलेला, नागपूरचा मुलगा. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते फेडणारा. "ताई, तू म्हणतेस तर घेतो," एवढंच तो म्हणाला होता.

त्याच सुमारास एका रविवारी रात्री बाबांशी व्हिडिओ कॉल चालू होता. बाबांचं भोसरीला लहानसं वर्कशॉप होतं. इंजिनांचे सिलिंडर बोअर करून, होनिंग करून द्यायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. मी कौतुकाने नळी कॅमेऱ्यासमोर धरली.

"फिनिश चांगलं आहे गं," ते म्हणाले. "ह्या अस्तरांमध्ये फरक किती?"

"तीन थाऊचा, बाबा. म्हणजे इंचाचे तीन हजारांश. साधारण पंचाहत्तर मायक्रॉन."

"आणि गोळी?"

"गोळीचं काय?"

"अगं, गोळी किती गोल आहे?"

हा प्रश्न मी स्वतःला कधीच विचारला नव्हता. त्याचं उत्तर शोधायला निघाले आणि भलत्याच जुन्या भांडणात येऊन पडले. ते भांडण पेंटबॉलपेक्षा जवळजवळ अडीचशे वर्षांनी जुनं आहे. त्यातला एक पक्ष हिंदुस्थानात येऊन वारला.

*

१७४२ साली लंडनमध्ये 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' नावाचं पुस्तक निघालं. लेखक बेंजामिन रॉबिन्स. १७०७ साली बाथमध्ये, युद्धाला पाप मानणाऱ्या क्वेकर पंथातल्या घरात जन्मलेला हा गणिती तोफा-बंदुकांच्या मागे लागला. त्या काळी तोफगोळ्याचा मार्ग म्हणजे सुबक पॅराबोला असं शिकवलं जाई. हवेचा विरोध असेल थोडाफार, तो सोडून दिला तरी चालतो, असा समज होता. रॉबिन्सने एक जड लाकडी लंबक टांगला, त्यावर गोळ्या झाडल्या आणि लंबक किती मागे झुलतो ह्यावरून गोळीचा वेग काढला. लंबक बंदुकीच्या जवळ आणि लांब ठेवून वेगातली घट मोजली. वेगवान शिशाच्या गोळीवर हवेचा रेटा तिच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त निघाला. सोडून द्यायची ती हवाच सगळ्यात मोठी निघाली.

दुसरा शोध त्याहून विचित्र होता. रॉबिन्सने बंदूक घट्ट आवळून बसवली आणि गोळीच्या वाटेत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे उभे केले. भोकं जोडली की गोळीची वाट दिसे. ती वाट नुसती वर-खाली नव्हती, डावी-उजवीकडेही वळत होती, आणि बंदूक जागची हललेली नसताना दर वेळी वेगळ्या दिशेला. गोळी पुढे जाई तसं वळण वाढत जाई. म्हणजे दोष नेमाचा नव्हता. नळीतून बाहेर पडल्यावर हवेत काहीतरी घडत होतं.

रॉबिन्सचं म्हणणं असं: गोळी नळीच्या आतल्या भिंतीला घासते, घासल्यामुळे गिरकी घेते, आणि गिरकी घेणाऱ्या गोळीला हवा एका बाजूला ढकलते. गोळी कोणत्या भिंतीला घासेल हे कोणाच्या हातात नसतं, म्हणून गिरकी दर वेळी वेगळी. हे सिद्ध करायला त्याने केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्याने बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वाकवली. डावीकडे वाकलेल्या नळीतून गोळी डावीकडे जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. रॉबिन्सने सांगितलं की ती आधी डावीकडे जाईल, पण वाकलेल्या नळीत उजव्या भिंतीला घासून गेल्यामुळे तिला ठरावीक गिरकी बसेल आणि शेवटी ती उजवीकडे वळेल. कागदाच्या पडद्यांवर तेच दिसलं. रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं.

१७४५ साली बर्लिनमध्ये लिओनार्ड ऑयलरने हे पुस्तक जर्मनमध्ये आणलं. सोबत इतक्या टिपा जोडल्या की मूळ मजकूर त्यांत बुडून गेला. ऑयलरने रॉबिन्सचं बरंच मान्य केलं, पण गिरकीचं नाही. त्याच्या मते गोळी वळते कारण ती नीट गोल नसते. ओतकाम खडबडीत, आकार वेडावाकडा, म्हणून हवा तिला इकडेतिकडे ढकलते. गोळी अगदी गोल केली तर हा दोष जाईल.

नळी गोळीला काय करते, हा रॉबिन्सचा प्रश्न. गोळी मुळात कशी आहे, हा ऑयलरचा. बाबांनी भोसरीतून नकळत ऑयलरची बाजू घेतली होती.

गिरकीच्या बाबतीत रॉबिन्स बरोबर होता. १८५२ साली बर्लिनमध्येच हाइनरिख मॅग्नसने प्रयोग करून तो परिणाम दाखवला आणि आज तो मॅग्नसच्या नावाने ओळखला जातो. रॉबिन्सला ते पाहायला मिळणार नव्हतंच. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मुख्य इंजिनिअर नेमून मद्रास भागातले किल्ले दुरुस्त करायला पाठवलं. १७५० साली तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोचला आणि वर्षभरात, २९ जुलै १७५१ रोजी, तापाने तिथेच गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

ज्या बंदुकीच्या काळात तो जगला ती ब्रिटिश 'ब्राउन बेस'. तिची नळी ०.७५ इंच व्यासाची, गोळी ०.६९च्या आसपास. मधली फट मुद्दाम ठेवलेली, कारण काळ्या दारूची काजळी साठली की घट्ट गोळी तोंडातून आत ढकलता येत नसे. त्या फटीत गोळी भिंतींवर आपटत बाहेर पडे. कंपनीच्या हिंदुस्थानी फौजांसाठी तिची एक आखूड, स्वस्त आवृत्ती निघाली. तिचं नावच 'इंडिया पॅटर्न'. एकेका गोळीवर भरवसा नसल्यामुळे ह्या बंदुका रांगेने, एकदम झाडायच्या. नेम कमी पडला की तो संख्येने भरून काढायचा.

पेंटबॉलच्या गोळीचा व्यास ०.६८ इंच आहे. ब्राउन बेसच्या गोळीपेक्षा जेमतेम केसभर लहान.

*

ती गोळी माणसांवर झाडण्यासाठी जन्मलीच नव्हती. मिशिगनच्या उत्तरेला, आयर्न माउंटन गावात, नेल्सन पेंट कंपनी जंगल खात्याला आणि लाकूडतोडीच्या धंद्याला रंग पुरवायची. कोणतं झाड तोडायचं त्यावर खूण करायची. ओढ्यापलीकडच्या झाडापर्यंत चालत जाण्यापेक्षा लांबून रंग मारता आला तर बरं, ह्या गरजेतून गोळी आली. गुरांच्या कळपातलं एखादं जनावर खुणेने वेगळं करायलाही ती कामी येई. कवचाचं तंत्र औषधांच्या कॅप्सूलचं होतं. १९३०च्या दशकात डेट्रॉइटच्या रॉबर्ट शेररने जिलेटिनच्या दोन पट्ट्या फिरत्या साच्यांमधून नेऊन, मध्ये द्रव भरून, कडा चिकटवायचं यंत्र बनवलं होतं. माशाच्या तेलाच्या मऊ गोळ्या आपण खातो, त्या तशाच बनतात. त्यांच्याभोवती एक बारीक शिवण असते. पेंटबॉलच्या गोळीलाही असते.

यंत्र बनवलं डेझी ह्या छऱ्याच्या बंदुकांच्या कंपनीने, तिथल्या जेम्स हेल ह्यांच्या आराखड्यावरून. १९७०च्या दशकात ते नेल-स्पॉट ००७ नावाने विकलं जाऊ लागलं. खुणा करणारं, म्हणून मार्कर. खटका ओढायचा, पुढची गोळी घरंगळावी म्हणून मार्कर पुढे झुकवायचा, मग दुसरी झाडायची. झाड पळून जात नाही, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती.

२७ जून १९८१ रोजी आमच्या इथून तासाभराच्या अंतरावरच्या हेनिकर गावाच्या जंगलात बारा माणसं हे मार्कर घेऊन उतरली. लेखक चार्ल्स गेन्स, त्यांचे शेअर दलाल मित्र हेज नोएल आणि दुकानदार बॉब गर्न्सी ह्यांच्यात बरेच दिवस वाद चालला होता: जगून-तगून राहण्याची अक्कल शहरी माणसाकडे जास्त असते की रानात वाढलेल्याकडे? फैसला करायला त्यांनी खेळ रचला. जंगलात चार ठिकाणी झेंडे. प्रत्येक ठिकाणचा एक झेंडा घेऊन बाद न होता बाहेर पडायचं. प्रत्येकजण एकटा, बाकी अकरा विरोधी.

जिंकला रिची व्हाइट, जंगलात काम करणारा माणूस. त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नाही.

पेंटबॉलवरच्या प्रत्येक लेखात ही गोष्ट येते आणि सगळे ती हसत सांगतात. पण त्यानंतरची चाळीस वर्षं खेळाडूंनी पैसा कशावर घातला ते पाहिलं की तिच्याकडे नुसती गंमत म्हणून बघवत नाही.

*

नेल-स्पॉटची नळी बदलायची सोय म्हणजे करवत आणि ओळखीचा खरादवाला. १९८०च्या दशकात पंपाचे मार्कर आले, १९९०च्या आसपास खटका ओढताच दर वेळी गोळी सोडणारे अर्धस्वयंचलित. ऑटोमॅग, ऑटोकॉकर ही त्या पिढीची नावं. ह्या मार्करांच्या नळ्या आट्यांवर बसवलेल्या असत. पिळल्या की सुटत. जिथे भाग सुटा होतो तिथे त्याचं दुकान निघतं. ऑटोकॉकरचे आटे इतके पसरले की पुढे इतर कंपन्यांनीही तेच उचलले, आणि एकाची नळी दुसऱ्याच्या मार्करला बसू लागली.

मग प्रत्येक कारखान्याने आपापलं उत्तर काढलं. पितळेची नळी, स्टेनलेस स्टीलची, आतून सिरॅमिकचा लेप दिलेली, पुढे कार्बन फायबरची. दहा इंची, चौदा इंची, अठरा इंची. तोंडाजवळ सरळ भोकं, गोल फिरत गेलेली भोकं. स्मार्ट पार्ट्स ह्या पेनसिल्व्हेनियाच्या कंपनीची फिरत्या भोकांची नळी एकेकाळी सगळीकडे दिसे. भोकांमुळे मागचा वायू हळूहळू सुटतो आणि आवाज कमी होतो, हे खरं. पण जाहिरातींची भाषा आवाजापाशी थांबत नसे, ती नेमापर्यंत जाई.

सहस्रक बदलायच्या सुमारास ह्याच कंपनीने 'फ्रीक' आणली. नळी एकच, आत बदलायची आठ अस्तरं, ०.६७९पासून ०.६९५ इंचापर्यंत. कारण गोळ्या ०.६८ म्हणून विकल्या जात असल्या तरी प्रत्येक खोक्याचा माल वेगळा. जिलेटिन हवेतलं पाणी ओढून घेतं. आत भरलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉलही पाण्याचं भुकेलेलं. दमट दिवशी गोळी फुगते, कोरड्या थंडीत आक्रसते आणि ठिसूळ होते. सकाळी मैदानावर गोळी नळीत टाकून पाहायची. घरंगळून पडली तर अस्तर ढिलं, अडकली आणि फुंकरीने सुटली तर बरोबर. हा विधी आजही चालतो. ब्राउन बेसच्या फटीची चर्चाच नव्या सामानानिशी.

ह्या सगळ्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. फट कमी असेल तर वायू कमी गळतो, एका सिलिंडरमध्ये जास्त गोळ्या मारता येतात, आणि गोळीमागे गोळी वेग सारखा राहतो. अमेरिकेत वेगाची नेहमीची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ९० मीटरच्या आसपास. वेग दर गोळीला दहा फुटांनी कमीजास्त होत असेल तर ३० मीटरवर गोळी पाचसहा सेंटीमीटर वर-खाली पडेल, असा माझा हिशेब येतो. नळीची किंमत इथपर्यंत आहे.

पण ३० मीटरवर गोळ्या परातीएवढ्या जागेत विखुरतात, आणि डावी-उजवीकडेही. ते पाचसहा सेंटीमीटर त्यात हरवून जातात.

गोळीचं वजन तीन ग्रॅम. ९० मीटर वेगाने निघालेल्या ह्या हलक्या चेंडूला हवा तिच्या वजनाच्या जवळपास वीसपट जोराने मागे ओढते. ३० मीटर जाईपर्यंत वेग निम्म्यावर येतो. एवढ्या वेगाला एवढ्या लहान गुळगुळीत चेंडूमागे हवेचे भोवरे सुटतात ते कधी ह्या बाजूने, कधी त्या बाजूने. फुटबॉलमध्ये गिरकी न देता मारलेला चेंडू हवेत डुलत येतो आणि गोलकीपरला चकवतो, तोच हा प्रकार. त्यात शिवण, एखादा खळगा, ओलाव्याने लांबोळी झालेली गोळी. सुट्टी नळीच्या कारखान्यात ह्यातलं काहीच ठरत नाही.

*

मग रायफलसारखे आतून पीळ दिलेले आटे? रॉबिन्सचं उत्तर तेच होतं. गिरकी टाळता येत नसेल तर ती गोळीच्या दिशेभोवतीच द्यायची, म्हणजे ती कोणत्याच बाजूला ओढणार नाही. जे राष्ट्र ही गोष्ट आधी समजून घेईल ते युद्धात वरचढ ठरेल, असं त्याने १७४७च्या सुमारास लिहून ठेवलं. पेंटबॉलमध्येही पीळ दिलेल्या नळ्या १९९०च्या दशकापासून विकल्या गेल्या. त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि का होत नाही ह्याचं एक ठरलेलं उत्तर आहे: गोळीत द्रव आहे. कच्चं अंडं ओट्यावर फिरवून पाहा, कवच फिरतं, आतलं मागे राहतं, अंडं लगेच थांबतं. उकडलेलं अंडं भिंगरीसारखं फिरतं. हे अंड्याचं उदाहरण मीच गटात कितीदा दिलं असेल.

पण हे उत्तर पुरतं खरं नाही. इंडियानाच्या टिपमन कंपनीने 'फ्लॅटलाइन' नावाची नळी काढली होती. ती वाकडी आहे. मार्करमधून वर चढून खाली वळते, आणि आतला पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला. गोळी वरच्या भिंतीला घासत जाते, तिला मागच्या बाजूला गिरकी बसते आणि हवा तिला वर उचलून धरते. त्याच वेगाने निघालेली गोळी जास्त लांब आणि जास्त सपाट जाते. म्हणजे द्रव भरलेली गोळीही गिरकी घेते, आणि ती टिकतेही. खरी अडचण बहुधा अशी की जिलेटिनचं कवच इतकं नाजूक की पीळदार आटे त्यात रुतू शकत नाहीत. रुतले तर गोळी नळीतच फुटते.

फ्लॅटलाइनचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लॅपटॉप नव्वद अंशांनी फिरवला. रॉबिन्सची वाकवलेली बंदूक तशीच्या तशी समोर होती. त्याने गोळीचा दोष उघडा पाडायला नळी डावीकडे वाकवली होती. टिपमनने ती उभ्या पातळीत वाकवून त्याच दोषाला कामाला जुंपलं. ह्या नळीने पल्ला वाढतो, पण विखुरणं जात नाही, आणि गोळ्यांच्या बाबतीत ती फार चोखंदळ आहे. ठिसूळ गोळ्या तिच्यात फुटतात.

नेमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो नळी सोडून गोळीकडे पाहिल्यावर. 'फर्स्ट स्ट्राइक' नावाची गोळी पुढून अर्धगोल आणि मागे पंखांची झालर असलेली आहे. पंखांमुळे ती हवेत स्वतःच फिरते आणि सरळ जाते. मोठ्या बंदुकांचा इतिहासही असाच घडला. पीळदार नळ्या शतकानुशतकं होत्या, पण त्या सर्रास सैनिकांच्या हाती आल्या त्या १८४९च्या मिनिए गोळीनंतर. तिने गोल आकार सोडला आणि बुडाशी पोकळी ठेवली, म्हणजे झाडताना ती पसरून आट्यांना धरे. फर्स्ट स्ट्राइक मात्र महाग पडते आणि साध्या हॉपरमधून भरता येत नाही. त्यामुळे बाकीचे आम्ही गोल गोळीवर आणि, नेम कमी पडला की, संख्येवर. इलेक्ट्रॉनिक मार्कर सेकंदाला दहा-बारा गोळ्या सहज ओकतात. ब्राउन बेसच्या रांगा आता एकेका माणसाच्या हातात मावतात.

*

एवढं वाचून झाल्यावर स्वतः मोजून न पाहणं मला शक्य नव्हतं. नोकरीत माझं निम्मं काम हेच आहे: एखादा बदल केल्याने खरंच काही सुधारलं का, की सुधारल्यासारखं वाटतं, हे तपासणं. बटणाचा रंग बदलला तरी आम्ही आकडे मागतो. दीडशे डॉलरच्या नळीला मी एका रविवारच्या भावनेवर पास केलं होतं.

एका मित्राच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, वारा नसलेल्या सकाळी, मार्कर बाकावरच्या शिकंजात आवळला. पंचवीस मीटरवर कागद. चार नळ्या: मार्करसोबत आलेली, माझी नवी, एक उसनी पीळदार, एक उसनी लांब भोकांची. एकाच पिशवीतल्या गोळ्या, प्रत्येक नळीला चाळीस, वेग प्रत्येक वेळी मोजून सारखा केलेला. कागदांच्या मागे नळीचं नाव. मग गोळ्या झाडताना हजर नसलेल्या एका मैत्रिणीला कागद दिले आणि सांगितलं, चांगल्याकडून वाईटाकडे लाव.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे सगळे सारखेच आहेत ना?" जोर केल्यावर तिने लावले. पहिला नंबर मार्करसोबत आलेल्या नळीचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला सांगितले तेव्हा क्रमच बदलला.

गोळ्याही मोजल्या. व्हर्नियरमध्ये शिवणीवरून एक आकडा, आडवी धरून दुसरा, आणि कित्येक गोळ्यांमध्ये ह्या दोहोंतला फरक दोन अस्तरांमधल्या फरकापेक्षा जास्त. मी पंचाहत्तर मायक्रॉनची निवड करत होते आणि गोळीलाच स्वतःचा एक असा व्यास नव्हता.

शेवटी सहज म्हणून गॅरेजमध्ये आदल्या उन्हाळ्यापासून पडलेल्या पिशवीतल्या गोळ्या माझ्या नव्या नळीतून मारल्या. तो कागद ओळखायला कोणाचीच गरज लागली नाही. भोकं कागदभर होती, आणि काही गोळ्या कागदाला लागल्याच नव्हत्या.

चार नळ्या आणि एक सकाळ हा काही मोठा प्रयोग नव्हे. पण मार्कर बाकाला आवळून असे प्रयोग हौशी खेळाडूंनी माझ्या आधी कितीतरी वेळा केलेत. हे ज्ञान लपलेलं नाही. तरी नळ्या खपतात, आणि ह्यात कोणाची लबाडी आहे असंही मला वाटत नाही. नळी लेथवर बनवता येते, घासता येते, रंगवता येते, मोजता येते. तिच्यावर नाव कोरता येतं. चुकलेल्या नेमाला कारण म्हणून दाखवायला ती हातात असते. ओलावा, शिवण, भोवरे ह्यांच्यावर नाव कोरता येत नाही, आणि स्वतःच्या कच्च्या पायांवर तर मुळीच नाही. पहिल्या रविवारी माझा नेम सुधारला तेव्हा काय झालं असावं हेही आता कळतं. नव्या नळीवर विश्वास होता म्हणून मी आडोशातून बाहेर आले होते, जवळ जाऊन मारत होते. मारा सुधारला तो अंतर कमी झाल्याने.

मग गटाला सांगायचं काम उरलं. ते मी तीन आठवडे टाळलं. आपण चुकलो हे सांगणं एक, आपल्या शब्दावर दुसऱ्याने पैसे घातले आणि आपण चुकलो हे सांगणं वेगळं. शेवटी व्हॉट्सॲपवर कागदांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं की मी न मोजता बोलले होते. दोघांनी अंगठे दाखवले. एकाने लिहिलं की काही असो, त्याला ह्याच नळीने बरं वाटतं. त्यावर मी वाद घातला नाही.

नागपूरच्या मुलाचा फोन आला. मी म्हटलं, तुझ्या नळीचे पैसे मी देते. तो म्हणाला, "नको गं ताई, आवाज तरी कमी येतो." थोडा थांबला आणि म्हणाला, "मग आता घेऊ काय?"

"ताज्या गोळ्या," मी म्हटलं. "आणि त्या घरात ठेव, गॅरेजमध्ये नको."

बाबांना सगळं सांगितलं. रॉबिन्सचं, ऑयलरचं, कडलूरचं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे दोघंही बरोबर होते," ते म्हणाले. मग म्हणाले, त्यांच्याकडेही लोक सिलिंडर पुन्हा बोअर करून मागायचे, आणि दोष पिस्टनमध्ये निघायचा. "पैसे बोअरचेच मिळायचे ना. पण मी आधी पिस्टन मोजायचो."

परवाच्या रविवारी मी मार्करची मूळ नळी लावली होती. अर्धा खेळ एका पडलेल्या ओक झाडामागे पालथी पडून काढला, मग ओढ्याच्या काठाने वाकून पुढे सरकले. त्यांच्या झेंड्यापासून पंधरा पावलांवर पोचेपर्यंत मी एकही गोळी झाडली नव्हती. तिथे पायाखाली काटकी मोडली आणि बाद झाले.